न दिसणारा दात

भंडारदऱ्याच्या धरणाला लागून शेंडी गाव आहे. तिथल्या एखाद्या घरातली जुलैची पहाट डोळ्यांसमोर आणा. बाहेर पाऊस थांबायला तयार नाही. आदला दिवसभर आजोबा भाताच्या आवणीच्या चिखलात होते. रात्री नाचणीची भाकरी खाल्ली आणि आडवे झाले. वरचा पुढचा एक दात पडून त्यांना दोन वर्षं झाली. त्या जागी गुलाबी प्लास्टिकच्या छोट्याशा पट्टीवर बसवलेला एकच दात ते घालतात. "सध्या हा तात्पुरता घाला बाबा, पुढं पक्का बसवू," असं दातांच्या डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं. ते 'पुढं' अजून उजाडलेलं नाही. पहाटे उठून जीभ फिरवतात तर दात जागेवर नाही. अंथरूण झटकलं, घोंगडी झटकली, चुलीपर्यंत शोधून झालं. घशाखाली टोचल्यासारखं होतंय, पण खरंच टोचतंय की भीतीनं तसं वाटतंय, ते कळत नाही.

थोरला मुलगा त्यांना जवळच्या दवाखान्यात नेतो. छातीचा एक्स-रे निघतो. त्यात बरगड्या दिसतात, मणके दिसतात, हृदयाची सावली दिसते, गळ्यातल्या ताइताची पेटी तर लख्ख दिसते. दात मात्र दिसत नाही. "काही नाही बाबा, पडला असेल कुठं तरी." सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि मंडळी परत आवणीला लागतात.

ही गोष्ट मी रचली आहे. तिच्यातली माणसं खरी नाहीत, पण अडचण पूर्ण खरी आहे. कवळीचं गुलाबी प्लास्टिक साध्या एक्स-रेत जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे 'एक्स-रेत नाही' याचा अर्थ 'शरीरात नाही' असा होत नाही. छातीत, अन्ननलिकेत, श्वासनलिकेत कुठेही तो तुकडा आरामात बसलेला असू शकतो.

ताईत दिसतो आणि दात दिसत नाही, यामागचं कारण क्ष-किरणांच्या पहिल्याच प्रसिद्ध चित्रात सापडतं. जर्मनीतल्या व्युर्ट्सबुर्गमध्ये विल्हेल्म राँटगेन यांना हे किरण 8 नोव्हेंबर 1895 रोजी सापडले. त्याच वर्षी 22 डिसेंबरला त्यांनी पत्नीचा हात किरणांखाली धरायला लावला. त्या चित्रात मांस धूसर, हाडं ठसठशीत आणि बोटातली अंगठी सर्वांत गडद आहे. शरीरातलं काय दिसतं, काय दिसत नाही आणि बाहेरून घातलेली वस्तू केव्हा उठून दिसते, हे सगळं त्या एका हातात होतं. दंतवैद्यकाने तर वेळच लावला नाही. 1896 च्या जानेवारीतच ब्राउनश्वाइगच्या ऑटो वाल्कहोफ यांनी दातांचा एक्स-रे काढला. त्यासाठी तोंडात काचपट्टी धरून पंचवीस मिनिटं स्थिर राहावं लागलं. आज आरव्हीजीच्या, म्हणजे दातांच्या डिजिटल एक्स-रेच्या, छोट्या सेन्सरवर तेच काम सेकंदाच्या अंशात होतं आणि लागणारा किरणांचा डोस छातीच्या एका एक्स-रेपेक्षाही कमी असतो.

किरण अडवायचे तर अणू जड हवा. दवाखान्यात वापरतात त्या ऊर्जेच्या क्ष-किरणांचं शोषण अणुक्रमांकाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढतं. मांस, चरबी, रक्त हे बहुतेक कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांचं बनलेलं असतं. कार्बनचा क्रमांक 6, ऑक्सिजनचा 8. हाडात आणि दातात कॅल्शियम असतं, त्याचा क्रमांक 20, म्हणून ते पांढरे दिसतात. जस्ताचा 30, झिर्कोनियमचा 40, बेरियमचा 56. या हिशेबाने बेरियम कार्बनपेक्षा शेकडो पटींनी जास्त किरण गिळतं. क्ष-किरणांच्या पावसात कार्बन म्हणजे मच्छरदाणी आणि बेरियम म्हणजे इरलं. कवळी ज्या अ‍ॅक्रिलिकची असते, त्या पॉलिमिथाइल मेथाक्रिलेटमध्ये कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्याशिवाय काहीही नाही. मांसात जे आहे तेच. मांसाच्या सावलीत ती मिसळून गेली तर नवल नाही.

लहान मुलाच्या श्वासनलिकेत शेंगदाणा अडकला की आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ याच अडचणीत सापडतात. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. एका बाजूच्या फुप्फुसात कोंडलेली हवा किंवा आकसलेला भाग पाहून अंदाज बांधावा लागतो आणि खात्रीसाठी दुर्बीण आत घालावी लागते. आता शेंगदाण्यात बेरियम कोण मिसळणार? पण कवळीचं तसं नाही. ती माणूस बनवतो, हव्या त्या पदार्थाची बनवतो. ती अदृश्य असते याचं कारण इतकंच की ती दिसेल अशी करायचं कुणी मनावर घेतलं नाही.

गंमत अशी की एके काळी ती दिसत होती. अ‍ॅक्रिलिक दातांच्या कामात आलं 1937 च्या सुमारास. त्याआधी ऐंशी-नव्वद वर्षं कवळ्या व्हल्कनाइटच्या, म्हणजे गंधक मिसळून कडक केलेल्या रबराच्या असत. ते रबर मुळात कळकट तपकिरी. हिरड्यांसारखा लालसर रंग यावा म्हणून त्यात हिंगूळ घालत. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग आणि पाऱ्याचा अणुक्रमांक 80. तोंडात पारा बाळगण्याची ती कल्पना आज अंगावर काटा आणते, पण अशी हिंगूळ घातलेली कवळी क्ष-किरणांच्या वाटेत भिंतीसारखी उभी राहणार हे उघड आहे. अ‍ॅक्रिलिक आलं, कवळी हलकी झाली, सुंदर झाली, पाऱ्यापासून सुटका झाली आणि त्याच सौद्यात ती एक्स-रेतून नाहीशी झाली. नव्या पदार्थाने जुना दोष घालवताना एखादा गुणही गुपचूप घालवावा, असं तंत्रज्ञानात वारंवार होतं.

कवळी गिळली जाते ही अतिशयोक्ती वाटत असेल तर एक छापील हकीकत सांगतो. 2019 मध्ये 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या नियतकालिकात इंग्लंडमधल्या 72 वर्षांच्या एका गृहस्थांची केस प्रसिद्ध झाली. पोटावरची साधी गाठ काढायला त्यांना भूल दिली होती आणि कवळी तोंडातच राहिली. पुढे घसा दुखू लागला, गिळता येईना, तोंडातून रक्त आलं. पहिल्या खेपेला संसर्ग समजून औषधं देऊन त्यांना घरी पाठवलं. शस्त्रक्रियेनंतर आठ दिवसांनी दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा स्वरतंतूंवर आडवी पडलेली अर्धगोल वस्तू दिसली. त्या कवळीला धातूची पट्टी होती, त्यामुळे एक्स-रेनेही साक्ष दिली. ती नुसत्या गुलाबी प्लास्टिकची असती तर एक्स-रेचा काय उपयोग झाला असता, याचा अंदाज आता वाचकालाही बांधता येईल.

पूर्ण कवळी मोठी असते. ती सहसा घशाखाली उतरत नाही. भीती असते ती एक-दोन दातांच्या छोट्या कवळीची आणि सुट्या कॅपची. झोपेत, नशेत, फिट आल्यावर, अपघातात किंवा पक्षाघातानंतर गिळण्यावरचा ताबा सुटलेला असतो, तेव्हा असा तुकडा आत जातो. श्वासनलिकेत गेला तर बहुधा उजव्या फुप्फुसाकडे जातो, कारण उजवी फांदी डावीपेक्षा रुंद आणि जास्त उभी असते. अन्ननलिकेतून जठरापर्यंत पोहोचलेल्या बऱ्याचशा वस्तू आपोआप शौचावाटे निघून जातात. पण धारदार कड असली किंवा कवळीला तारेचे आकडे असले तर आतड्याला किंवा अन्ननलिकेला भोक पडू शकतं. म्हणून डॉक्टरांपुढचा खरा प्रश्न असा असतो की थांबून वाट पाहायची की लगेच दुर्बीण घालायची? वस्तू दिसत असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा एक एक्स-रे काढून ती किती सरकली ते बघता येतं. दिसत नसेल तर सगळं अंदाजपंचे.

इथे 'तात्पुरता' या शब्दाकडे वळायला हवं, कारण माझा सगळा रोख त्याच्यावरच आहे. दातांच्या दवाखान्यात तात्पुरत्या वस्तूंची रांगच असते. रूट कॅनॉल चालू असताना दाढेत भरलेलं टेम्पररी सिमेंट, दाढ घासून तिचं माप लॅबला पाठवल्यावर दोन-तीन आठवडे घालायची टेम्पररी कॅप, ती कॅप चिकटवायचं मुद्दाम कमकुवत ठेवलेलं सिमेंट आणि आपल्या आजोबांसारखी एका दाताची पट्टी. या वस्तू टिकायच्याच नाहीत अशा बेताने केलेल्या असतात. कॅप पुढच्या खेपेला सहज निघावी म्हणून सिमेंट कच्चं. थोडेच दिवस चालवायची म्हणून प्लास्टिक पातळ. म्हणजे निसटण्याची, मोडण्याची, गिळली जाण्याची शक्यता सर्वांत जास्त याच वस्तूंची. आणि दिसण्याची काळजी सर्वांत कमी घेतली जाते तीही यांचीच, कारण "दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे."

दोन आठवडे हे शहराचं माप झालं. शेंडीच्या परिसरात, म्हणजे अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, रतनवाडी, घाटघर, साम्रद या बाजूला, त्या मापाने काही चालत नाही. दाढेचा ठणका थांबला की काम झालं, ही सगळीकडचीच समजूत. त्यात पावसाळ्यात भाताची आवणी, दिवाळीनंतर कापणी-झोडणी, मजुरीसाठी नारायणगाव-जुन्नरकडे जाणं. एसटीने तालुक्याला किंवा संगमनेरला जायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. पक्क्या कॅपचे पैसे जमेपर्यंत तात्पुरती कॅपच पक्की होऊन बसते. ज्या वस्तूचा हिशेब पंधरा दिवसांचा धरला, ती दोन-दोन, तीन-तीन वर्षं तोंडात राहते. शिवाय मोठ्या शहरात शंका आली तर सीटी स्कॅन काढता येतो. त्यात प्लास्टिकचा तुकडा साध्या एक्स-रेपेक्षा बराच बरा ओळखू येतो. डोंगराच्या या बाजूला मात्र पहिली आणि बरेचदा शेवटची तपासणी म्हणजे साधा एक्स-रेच. म्हणून दात दिसण्याची गरज कुणाला सर्वांत जास्त आहे, याचं उत्तर पुण्या-मुंबईच्या चकचकीत क्लिनिकमध्ये शोधू नये.

प्रवरा नदी रतनगडाच्या अंगाखांद्यावरून उतरते आणि भंडारदऱ्याच्या विल्सन धरणात अडते. 1926 मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाच्या पाण्यावर खालचा मुलूख उसाने हिरवा झाला. त्या उसावर लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीची ती सुरुवात होती. त्याच लोणीत आज ग्रामीण दंत महाविद्यालय आहे. धरणाचं पाणी, पाण्याचा ऊस, उसाची साखर, साखरेने किडलेले दात आणि शेवटी दात सुधारणारं कॉलेज, अशी साखळी एकाच नदीकाठी पुरी होते. ज्या डोंगरातून हे पाणी निघतं तिथल्या तोंडांपर्यंत मात्र खालची साखर दुकानातून लवकर पोहोचली आणि दातांचा डॉक्टर उशिरा.

आता दाताचं प्लास्टिक दिसेल असं करणं इतकं अवघड आहे का? तसं नाही, आणि याचा पुरावा आपल्या नात्यातल्या एखाद्या काकूंच्या गुडघ्यात सापडेल. सांधेबदलात धातूचा सांधा हाडात पक्का बसवायला जे 'बोन सिमेंट' वापरतात, ते रसायनाच्या भाषेत कवळीचं सख्खं भावंड आहे. तेच पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी खुब्याच्या शस्त्रक्रियेत ते रूढ केलं. हाडाच्या डॉक्टरांना सिमेंट कुठवर पोहोचलं, कुठे तडकलं, कुठे सैल झालं हे पाहावंच लागतं. म्हणून त्यात साधारण दहा टक्के बेरियम सल्फेट मिसळतात, किंवा त्याऐवजी झिर्कोनियम ऑक्साइड. गुडघ्यातलं अ‍ॅक्रिलिक दिसतं आणि तोंडातलं दिसत नाही, याला रसायनशास्त्र जबाबदार नाही.

आणखीही नमुने आहेत. तांबी, म्हणजे कॉपर-टी, तिची प्लास्टिकची चौकट जागा सोडून सरकली तर शोधता यावी म्हणून त्या प्लास्टिकमध्ये बेरियम सल्फेट मिसळलेलं असतं. नाकातून पोटात घालतात त्या नळीवर एक्स-रेत दिसणारी रेघ असते. ऑपरेशन थिएटरमधल्या गॉजच्या घड्यांत असाच एक धागा विणलेला असतो, कारण पोट शिवल्यावर घडी आत राहिली तर ती शोधायला दुसरा मार्ग नसतो. शरीरात शिरणारी वस्तू हरवली तर सापडली पाहिजे, हा नियम बाकीच्या वैद्यकशाखांनी कधीच अंगी बाणवला. दातांच्या कामातही जिथे डॉक्टरांना स्वतःला बघायची गरज पडते तिथे तो पाळला जातो. रूट कॅनॉलमध्ये भरायचा गटा-पर्चा मूळचा मलायातल्या झाडाचा चीक. तो स्वतः अदृश्य. पण बाजारात मिळणाऱ्या कांड्यांत चीक जेमतेम पाचवा हिस्सा असतो आणि मोठा भाग झिंक ऑक्साइडचा, शिवाय थोडं बेरियम सल्फेट. म्हणूनच रूट कॅनॉलनंतरच्या आरव्हीजीत मुळातून पांढरी रेघ खाली उतरलेली दिसते. रूट कॅनॉलमध्ये लावायच्या सीलरसाठी तर आंतरराष्ट्रीय मानकाने किमान दृश्यता ठरवून दिली आहे.

ही दृश्यता मोजतात कशी तेही सांगण्यासारखं आहे. अ‍ॅल्युमिनियमची एक पट्टी घेतात, जिच्या पायऱ्या नदीच्या घाटासारख्या एकेक मिलिमीटरने जाड होत जातात. तिच्या शेजारी एक मिलिमीटर जाडीची पदार्थाची चकती ठेवून दोन्हींचा एकाच वेळी एक्स-रे काढतात. चकतीचा करडेपणा कितव्या पायरीशी जुळतो ते बघतात. दाताच्या आतलं डेंटिन साधारण एक मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमइतकं, वरचं इनॅमल साधारण दोन मिलिमीटरइतकं. रूट कॅनॉलच्या सीलरला किमान तीन मिलिमीटर लागतात. शुद्ध अ‍ॅक्रिलिकची चकती या घाटाच्या पहिल्या पायरीवरही पाय ठेवत नाही.

मग सगळ्या प्लास्टिकमध्ये दहा टक्के बेरियम ओतून का देत नाहीत? कारण तोंड म्हणजे गुडघा नव्हे. गुडघ्यातलं सिमेंट कुणी आरशात बघत नाही. बेरियम सल्फेटची पूड खडूसारखी पांढरी असते. ती मिसळली की दाताची किंचित पारदर्शी झाक जाते आणि दात चुना फासल्यासारखा दिसतो. दुसरं म्हणजे ही पूड प्लास्टिकशी रासायनिकरीत्या जोडली जात नाही. आटा मळताना पिठात न मिसळलेल्या गुठळ्या राहाव्यात तशी ती राहते आणि प्रमाण वाढलं की प्लास्टिक त्या गुठळ्यांपाशी तडकतं. निसटणारा दात दिसावा म्हणून तो लवकर मोडणारा करणं हा आतबट्ट्याचा व्यवहार झाला. बेरियमच्या विषारीपणाची शंका कुणाला येईल, पण सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणूनच पोटाच्या तपासणीसाठी त्याचं पांढरं दूध पेला-पेला पाजतात. तेच बेरियमचं क्लोराइड असतं तर विष ठरलं असतं.

या पेचातून वाट काढणारे पदार्थ आज आहेत. बेरियम किंवा स्ट्रॉन्शियम काचेतच विरघळवून त्या काचेची बारीक पूड करायची आणि तिच्यावर असा लेप द्यायचा की ती प्लास्टिकशी हात मिळवील. कायमच्या पांढऱ्या फिलिंगमध्ये हेच करतात. सुरुवातीच्या कंपोझिट फिलिंगमध्ये क्वार्ट्झची पूड असे, ती एक्स-रेत काळी पडायची आणि फिलिंगखाली कीड लागलीय की फिलिंगच काळं दिसतंय, हे डॉक्टरांना कळेना. म्हणून काच बदलली. यटर्बियम फ्लोराइड हाही असाच एक मिसळायचा पदार्थ, रंगाने सौम्य आणि किरणांना जड. टेम्पररी कॅपसाठी आता बंदुकीसारख्या पिचकारीतून येणारा जो मसाला वापरतात, त्यातले काही या काचेमुळे दिसतात, काही दिसत नाहीत. थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या नव्या टेम्पररी कॅपचीही तीच गत. कुठला दिसतो ते पाकिटावरच्या बारीक अक्षरांत शोधावं लागतं.

दिसण्याची किंमतही कधी कधी मोजावी लागते, याचा एक बोधप्रद नमुना एमटीएचा. दाताच्या मुळाला पडलेलं भोक बुजवायला 1990 च्या दशकात अमेरिकेत हा मसाला तयार झाला. त्यात तीन-चतुर्थांश भाग चक्क पोर्टलँड सिमेंट, तेच, ज्याने घरं बांधतात. पण नुसतं सिमेंट फिल्मवर डेंटिनपासून नीट वेगळं ओळखू येईना, म्हणून त्यात सुमारे वीस टक्के बिस्मथ ऑक्साइड घातलं. बिस्मथचा क्रमांक 83, दिसायला झकास. पण काही वर्षांत लक्षात आलं की बिस्मथमुळे दात करडा पडतो. पुढच्या पिढीच्या मसाल्यांत बिस्मथ काढून झिर्कोनियम ऑक्साइड आणलं. थोडं कमी उठून दिसतं, पण दात पांढरा राहतो. तात्पुरत्या पदार्थांच्या बाबतीत अशीच तडजोड करत वाट काढावी लागेल.

गिळण्याव्यतिरिक्त आणखी एका जागी ही दृश्यता उपयोगी पडते, आणि ती रोजच्या कामातली आहे. कॅप चिकटवताना दाबलेलं सिमेंट कडेने बाहेर येतं आणि हिरडीखाली दडून बसतं. डॉक्टर ते खरवडून काढतात, पण एखादा कण राहतोच. नैसर्गिक दाताभोवती त्याने हिरडी सुजते. इम्प्लांटभोवती तर असा राहिलेला कण हाड झिजवू शकतो. लवंगेच्या तेलात कालवलेल्या झिंक ऑक्साइडच्या जुन्या सिमेंटमध्ये जस्त असल्यामुळे असा कण एक्स-रेत चमकतो. लवंगेच्या वासाने हे सिमेंट पुष्कळांना ओळखीचंही असेल. काही नव्या रेझिन सिमेंटमधला कण मात्र काळोखात बसलेल्या काजव्यासारखा आहे, फरक इतकाच की हा काजवा चमकत नाही.

नियमांकडे पाहिलं तर एक चमत्कारिक पळवाट दिसते. फिलिंगच्या पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ 4049 मध्ये, कंपनीने 'हा पदार्थ एक्स-रेत दिसतो' असा दावा केला तर तो तितक्याच जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमइतका तरी दिसला पाहिजे, अशी अट आहे. दावाच केला नाही तर अटही नाही. म्हणजे जो बोलत नाही त्याला कुणी विचारत नाही. माझ्या मते ही उलटी रीत आहे. जो तुकडा निसटणार हे आधीपासून माहीत आहे, त्याच्यावर तरी ती अट बिनशर्त असायला हवी. आणि नियम बदलेपर्यंत सरकारी दंत शिबिरांत आणि दंत महाविद्यालयांच्या फिरत्या व्हॅनमध्ये दिसणारंच टेम्पररी मटेरियल वापरायचं, एवढं ठरवायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. किमतीतला थोडाफार फरक एका वाचलेल्या दुर्बीण तपासणीत भरून निघेल.

तोवर आपल्या हातात काय आहे? टेम्पररी कॅप किंवा एका दाताची पट्टी बसवून घेताना डॉक्टरांना सरळ विचारा, "हे एक्स-रेत दिसतं का?" बहुतेक डॉक्टर या प्रश्नाने चकित होतील, आणि तसं होणंच बरं. पट्टी सैल वाटू लागली की घालणं थांबवा आणि दाखवून आणा. रात्री ती काढून पाण्यात ठेवा, तोंडात ठेवून झोपू नका. फिट येणाऱ्या माणसाला किंवा पक्षाघात झालेल्या माणसाला सुटी छोटी कवळी देण्याआधी डॉक्टरांशी त्याबद्दल बोला. कुठल्याही ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना तोंडात काय काय आहे ते सांगा. हिरडीच्या रंगाशी मिळतीजुळती कवळी त्यांच्या लक्षात येईलच असं नाही.

आणि दात गिळल्याची शंका आलीच, तर दवाखान्यात रिकाम्या हाताने जाऊ नका. कवळी मोडून अर्धी आत गेली असेल तर उरलेला अर्धा तुकडा, नाहीतर घरात पडलेली त्याच प्लास्टिकची जुनी कवळी रुमालात बांधून सोबत घ्या आणि एक्स-रे काढणाऱ्याला ती फिल्मच्या कोपऱ्यात ठेवायला सांगा. ती तिथे दिसली नाही, तर 'काही नाही, घरी जा' हे उत्तर स्वीकारू नका. छातीत किंवा घशात दुखत असेल, गिळता येत नसेल किंवा खोकला थांबत नसेल तर त्याच दिवशी संगमनेर किंवा नाशिक गाठा आणि दुर्बिणीने तपासून घ्या.